फॉर्म्युला वन (एफ१), ब्राझील ग्रांप्री २०२४ : सतराव्यावरून पहिला आला ते दिसलं, पण निकाल खालपर्यंत वाचलात का?

पिटलेनकर
३ नोव्हेंबर २०२४, रात्री ११:५२

झोप येणं शक्य नाही म्हणून धागाच काढतो. आज भाऊबीज, त्यात क्वाली (रेसला कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणारी फेरी) दुपारी चारला आणि रेस रात्री नऊला, म्हणजे निम्म्या लोकांनी अर्धंच बघितलं असणार. ज्यांना रेकॉर्डिंग बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, खाली निकाल आहे, नंतर बोंब मारायची नाही.

१ व्हर्स्टापेन, २ ओकॉन, ३ गॅसली, ४ रसेल, ५ लेक्लेर, ६ नॉरिस, ७ त्सुनोडा, ८ पियास्त्री, ९ लॉसन, १० हॅमिल्टन.

आता ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काल इंटरलागोसला (ब्राझीलचा ट्रॅक) एवढा पाऊस की क्वाली झालीच नाही, ती आज तिकडच्या सकाळी साडेसातला घेतली आणि पुढे आणखी पाऊस आहे म्हणून रेसही अलीकडे ओढून साडेबाराला केली. क्वालीत पाच वेळा लाल झेंडा, म्हणजे सगळं थांबवा. कोलापिंटो, साइन्झ, स्ट्रोल, अलोन्सो, आल्बन, सगळ्यांनी एकेक गाडी भिंतीला लावली, आल्बनची तर इतकी मोडली की रेसला आलीच नाही. व्हर्स्टापेन दुसऱ्या सत्रात बारावा अडकला कारण स्ट्रोल आपटल्यावर लाल झेंडा यायला वेळ लागला आणि याची शेवटची लॅप गेली, रेडिओवर काय बोलला ते इथे टंकत नाही. वर नवीन इंजिनाची पाच जागांची पेनल्टी, म्हणून सतरावा. नॉरिस पोलवर, म्हणजे सर्वात पुढे. चॅम्पियनशिपमध्ये व्हर्स्टापेन नॉरिसच्या ४४ पॉइंट पुढे. म्हणजे आज रेस सुरू होताना सगळे धरून चालले होते की हा फरक तिशीच्या आत येतोय.

आणि झालं काय, तर फरक ६२ झाला.

मॅक्स व्हर्स्टापेनबद्दल पुढचे चार दिवस सगळीकडे जिलब्या पडणारच आहेत, पडू देत, त्याच लायकीची रेस होती. पण मला बोलायचंय दोन आणि तीन नंबरवर. त्या दोघांची टीम अल्पाईन कालच्या स्प्रिंटपर्यंत (शनिवारची छोटी रेस) १६ पॉइंटवर होती, नववी. वीस रेसा आणि सगळ्या स्प्रिंट मिळून १६! आज एका दुपारात १८ अधिक १५, म्हणजे ३३, आणि थेट ४९ वर सहावी. हास ४६, आरबी ४४, दोन्ही टीमना एका फटक्यात मागे टाकलं. बक्षिसाचे पैसे कन्स्ट्रक्टर्सच्या, म्हणजे टीमच्या क्रमांकावर वाटतात हे लक्षात घ्या, मग कळेल की आज रात्री खरा ढोल कोणाच्या गॅरेजमध्ये वाजतोय.

हीच टीम बहरीनला शेवटच्या ओळीत उभी होती. ओकॉन १९, गॅसली २०. मार्चमध्ये कोणी म्हणालं असतं की हे दोघं एकाच पोडियमवर उभे राहतील तर त्याला आपण गावाबाहेर सोडून आलो असतो.


कोल्हापुरी_ड्रिफ्ट
३ नोव्हेंबर, रात्री ११:५९

नाद खुळा! पहिला नंबर!! (प्रतिसादात म्हणतोय)

बाकी सतराव्यावरून येऊन वर १९ सेकंद... हे माणूस आहे का काय आहे.


पपाया_पंखा
४ नोव्हेंबर, रात्री १२:१४

अभिनंदन वगैरे सगळं ठीक पण एक गोष्ट कोणी बोलणार नाही म्हणून मीच बोलतो. नॉरिस आणि रसेल पुढे होते, ह्युल्केनबर्ग पहिल्या वळणावर अडकला, व्हर्च्युअल सेफ्टी कार आली (सगळ्यांनी हळू चालवायचं), दोघं टायर बदलायला पिटला आले. बरोबर निर्णय. पाऊस वाढत होता, इंटर (मध्यम पावसाचे टायर) झिजलेले होते, शहाणा माणूस काय करणार? आत आले तोपर्यंत व्हर्च्युअल संपली, मग पाऊस धो धो, मग खरी सेफ्टी कार (ती पुढे, सगळे तिच्या मागे हळू), मग कोलापिंटो सेफ्टी कारच्या मागे चालताना आपटला आणि लाल झेंडा. आणि लाल झेंड्यात टायर बदलायला फुकट! म्हणजे ज्यांनी वेळेवर पिट केला त्यांना शिक्षा आणि जे बाहेर बसून राहिले त्यांना बक्षीस. नॉरिस स्वतः म्हणालाय की हे नशीब होतं. काय चुकलं त्याचं?

एकदा ओकॉन, व्हर्स्टापेन, गॅसली असे पुढे गेले की बाकीचं सगळं त्यातूनच आलं.


नवखी_नागपूर
४ नोव्हेंबर, रात्री १२:२२

मी याच वर्षी बघायला लागलेय त्यामुळे बाळबोध प्रश्न. लाल झेंड्यात टायर बदलायला का देतात? सगळ्यांना आहे त्याच टायरवर परत सोडलं तर पपाया दादांची तक्रार मिटेल ना?


ओली_लाइन
४ नोव्हेंबर, रात्री १२:४१

@नवखी, बाळबोध अजिबात नाही, यावर दरवर्षी भांडणं होतात.

कारण सुरक्षिततेचं आहे. लाल झेंडा येतो तेव्हा बहुतेक वेळा ट्रॅकवर तुकडे सांडलेले असतात किंवा पाऊस बदललेला असतो. कोणाच्या टायरला बारीक कट गेला असेल आणि तू त्याला म्हणालीस की आहे त्याच टायरवर ३०० ने पळ, तर उद्या काही झालं की जबाबदार कोण? म्हणून बदलू देतात. मग ज्याने पाच मिनिटांपूर्वी पिट केला त्याच्या पोटात दुखतं. दोन्ही खरं आहे.

आता पावसाचे टायर समजून घे म्हणजे आजची रेस उलगडेल. दोन प्रकार, हिरव्या पट्टीचा इंटर आणि निळ्या पट्टीचा फुल वेट. पिरेलीचा आकडा असा की ३०० च्या वेगाला एक फुल वेट सेकंदाला ८५ लिटर पाणी फेकतो आणि इंटर ३० लिटर. मग सगळे फुल वेटच का लावत नाहीत? कारण तो हळू आहे, पाणी जरा कमी झालं की लगेच मार खातो. आणि ज्या पावसात तो खरंच लागतो त्या पावसात पुढच्या गाडीच्या फवाऱ्यामुळे काही दिसतच नाही, मग रेसच थांबवतात. जुलैमध्ये एक्सप्रेसवेला ट्रकच्या मागे सापडलीस तर वायपर फुल स्पीडला असून फक्त पांढरं दिसतं ना, तसं, फक्त ट्रकच्या जागी चारपट वेगाने पळणारी गाडी आणि तुझ्याकडे वायपर नाही.

तर मुद्दा असा की जेव्हा पाऊस इतका वाढणार आहे की इंटर टिकणार नाही, तेव्हा नव्या इंटरवर जाऊन फायदा किती? तेवढ्याच पाण्यात नवा इंटरही तरंगणार. मग एक तर सेफ्टी कार येणार नाहीतर लाल झेंडा. व्हर्स्टापेनची रेड बुल आणि अल्पाईन दोघांनी हा हिशोब केला आणि बाहेर राहिले. पपाया, याला नशीब म्हणायचं तर म्हण, पण ते नशीब यावं म्हणून झिजलेल्या टायरवर त्या पाण्यात गाडी ट्रॅकवर ठेवावी लागते. कोलापिंटोला सेफ्टी कारच्या वेगातही नाही जमलं.


बॉक्सबॉक्स
४ नोव्हेंबर, रात्री १२:५८

ओली_लाइन यांना +१००

आणि रसेल! रसेल रेडिओवर सांगत होता की बाहेर राहूया. टीमने आत बोलावलं. रेस लीड करत होता तो, सुरुवातीलाच नॉरिसला घेतलं होतं. याला म्हणतात बोलवून बोलवून बुडवणं.

थोडं गणित घ्या, झोप माझीही उडालीये.

रेस ७१ ची ६९ लॅपची झाली. साइन्झ आपटल्यावर परत सेफ्टी कार आली आणि ४३ व्या लॅपला रीस्टार्ट झाला, तिथे व्हर्स्टापेनने ओकॉनला घेतलं. म्हणजे उरल्या साधारण २६ लॅप. जिंकला १९.४७७ ने. भागाकार करा, लॅपमागे पाऊण सेकंद. रीस्टार्टला सगळे एकमेकांना चिकटलेले, सगळ्यांचे टायर तेवढेच जुने, लाल झेंड्याचा फायदा तिथे शून्य, सगळ्यांना समान संधी. वर सर्वात वेगवान लॅपही त्याचीच. पपायाराव, लाल झेंड्याने त्याला दुसऱ्या नंबरवर आणलं हे मान्य, पण पाऊण सेकंद कुठून आला?

आणि त्याआधीचं तर कोणी बोलतच नाहीये. पहिल्याच लॅपला अर्धा डझन जागा वर. झेंडाबिंडा काही नसताना तो सतरावरून सहावर आलेला होता.


पपाया_पंखा
४ नोव्हेंबर, रात्री १:०६

वेगवान नव्हता असं मी कुठे म्हणालो? दुसऱ्यावर आणलं हे तुम्हीच मान्य करताय, मी तेवढंच म्हणतोय. नॉरिस झेंड्याशिवाय त्याच्या पुढेच राहिला असता.


बॉक्सबॉक्स
४ नोव्हेंबर, रात्री १:११

राहिला असता? ४३ व्या लॅपच्या त्याच रीस्टार्टला नॉरिसने काय केलं ते बघितलं नाही का? पहिल्या वळणाला सरळ बाहेर. सातवा. मग पियास्त्रीने सोडलं म्हणून सहावा. त्याला कोणी धक्का दिला नव्हता. एकाच वळणावर, एकाच क्षणी, एकाने लीड घेतली आणि दुसरा गवतात. आता यात झेंडा कुठे आला सांगा.


जुनाजाणता_ठाणे
४ नोव्हेंबर, सकाळी ७:३५

लेकरांनो रात्रभर जागलात वाटतं.

इंटरलागोसला पावसात निकालाचं असं होणं नवीन नाही. २००३ आठवतंय का कोणाला? तिसऱ्या वळणावर पाण्याचा अक्षरशः ओढा वाहत होता आणि एकामागून एक गाड्या तिथेच जाऊन आपटत होत्या, खुद्द शूमाकर पण. शेवटी लाल झेंडा टाकून रेस थांबवली आणि राइकोनेनला विजेता घोषित केलं, त्याने ट्रॉफी घेतली, शॅम्पेन उडवली. मग लॅप मोजण्यात गोंधळ होता हे निघालं आणि आठवडाभराने फिसिकेलाला विजेता केलं. जॉर्डन टीमचा तो शेवटचा विजय. तेव्हा केबलवर बघायचो, निकाल बदलला हे पेपरात वाचलं.

आणि सतराव्यावरून म्हणाल तर राइकोनेनच, २००५, सुझुका. तोही सतरावा होता आणि शेवटच्या लॅपला फिसिकेलालाच पहिल्या वळणावर बाहेरून घेतलं होतं. त्याच्याही मागून म्हणजे बॅरिकेलो २०००, हॉकेनहाइम, अठरावा, आणि रेकॉर्ड आहे वॉटसनचं, १९८३ लाँग बीच, बाविसावा. त्या तिन्ही रेसा भारी, पण वॉटसन कोरड्यात होता. कालच्या पाण्यात माझ्या मते कालची वरची.

एक मौज कोणाच्या लक्षात आली नाही. २०१८ ला याच ट्रॅकवर, याच सेना एसमध्ये (पहिल्या वळणांची जोडी), व्हर्स्टापेन लीडवर होता आणि एक लॅप मागे असलेला एक जण अनलॅप करायला, म्हणजे ती लॅप भरून काढायला घुसला आणि दोघं फिरले. व्हर्स्टापेनची रेस गेली, हॅमिल्टन जिंकला. नंतर वजन करायच्या जागी साहेबांनी त्या मुलाला तीनदा ढकललं आणि दोन दिवस समाजसेवेची शिक्षा भोगली. तो मुलगा कोण? ओकॉन. काल त्याच वळणावर तोच ओकॉन लीडवर आणि हा आतून आला. ओकॉनने दार लावलं नाही, जागा सोडली, आणि दुसरा नंबर पदरात पाडून घेतला. सहा वर्षांत पोरं मोठी होतात.


पिटलेनकर
४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

काका दंडवत घ्या. आणि त्याच्याही मागे जा, २०१४ ला युरोपियन एफ३ मध्ये ओकॉन चॅम्पियन होता आणि व्हर्स्टापेन तिसरा. जुनी खुन्नस आहे ती.

सकाळी ती ओव्हरटेक चार वेळा बघितली. बघण्यासारखी गोष्ट म्हणजे तो ब्रेक कुठे मारतो ती. मागून बराच लांब आहे, ओकॉनला वाटत असणार इथून काही येत नाही, आणि हा आतल्या बाजूने येतो, गाडी एकदाही वाकडी होत नाही, चाक लॉक नाही, काही नाही. ओल्यात कोरड्याची लाइन घसरडी असते, तिथे रबर बसलेलं असतं, म्हणून सगळे जरा बाहेरबाहेरून वाट शोधत होते. हा सबंध रेसभर पहिल्या वळणाला आतूनच गिऱ्हाईकं उचलत आला. २०१६ ला याच ट्रॅकवर शेवटच्या पंधरा-सोळा लॅपमध्ये मागून येऊन तिसरा नंबर काढला होता तेव्हाही असंच, लोकं जिथे जात नाहीत तिथून.

पण मी परत माझ्या मुद्द्यावर येतो, कोणी घेतच नाहीये. अल्पाईन!


मावळा_४४
४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

आमचे हॅमिल्टन साहेब दहावे. गाडी बघता तेही खूप. पण त्यांनी ब्राझीलच्या चॅम्पियन सेनाची १९९० ची मॅक्लारेन चालवली ना इंटरलागोसला, ब्राझीलचा झेंडा हातात घेऊन, ते बघितलं आणि माझे पैसे वसूल झाले. सेना जाऊन यंदा ३० वर्षं झाली. बाकीचा वीकेंड विसरलो तरी चालेल.

रच्याकने ह्युल्केनबर्गला काळा झेंडा दाखवला हे कोणी लिहिलंच नाही. अडकलेल्या गाडीला मार्शलनी ढकलून बाहेर काढलं, बाहेरची मदत घेतली म्हणून थेट बाद. शेवटचा काळा झेंडा २००७ ला कॅनडात होता, मासा आणि फिसिकेला.


नवखी_नागपूर
४ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

काळा झेंडा पण असतो?? अजून किती रंग आहेत 😅

आणि तो स्ट्रोल, रेस सुरूच व्हायच्या आधी? फॉर्मेशन लॅपला गाडी फिरली, मग परत चालू झाली आणि हा स्वतःच वाळूत नेऊन रुतला. आमच्याकडे तर सगळे हसून हसून...


ओली_लाइन
४ नोव्हेंबर, सकाळी ९:४४

हसू नको ग, त्या पाण्यात ब्रेकचं काम बिघडलं की काय करणार. पण हो, आधीच फिरलेली गाडी बाजूच्या वाळूत घालणं हे जरा... असो.

त्यावरून आठवलं, त्या गडबडीत स्टार्ट रद्द झाल्यावर नॉरिस परवानगी नसताना तसाच पुढे निघाला, मागोमाग रसेल आणि दोन्ही आरबी. नॉरिस-रसेलला ५००० युरो दंड आणि समज मिळाली. पॉइंट नाही गेले. काल रात्री माझी धाकधूक होती की यावरून निकालच बदलतोय की काय.


आइंडहोवनकर
४ नोव्हेंबर, दुपारी १:१५

इकडून, मॅक्सच्या देशातून रिपोर्ट. ऑफिसात आज कोणी काम करत नाहीये, कॉफी मशीनपाशी सकाळपासून एकच विषय. गंमत म्हणजे गेला आठवडाभर हेच लोक तोंड पाडून होते, मेक्सिकोत दहा दहा सेकंदांच्या दोन पेनल्ट्या आणि सहावा नंबर झाल्यावर. बार्सिलोना जूनमध्ये जिंकला त्यानंतर दहा रेसा कोरड्या गेल्या, इकडे लोक गाडीला शिव्या देऊन दमले होते. परवा शनिवारी स्प्रिंटमध्येही तिसरा येऊन पाच सेकंदांच्या पेनल्टीने चौथा. आज सगळ्यांना सगळं आधीपासून माहीत होतं म्हणे!

पपाया_पंखांच्या मताशी मी अर्धा सहमत आहे. लाल झेंड्याच्या नियमाने नॉरिसचं नुकसान झालं हे खरंच. पण त्याच नियमाने उद्या मॅक्सचंही होईल, तेव्हा आमच्या इकडचे लोक हाच प्रतिसाद लिहितील फक्त डच भाषेत.


पपाया_पंखा
४ नोव्हेंबर, दुपारी २:०३

चला कोणीतरी अर्धा तरी मिळाला.

पियास्त्रीचं पण बघा, लॉसनला धडकला म्हणून दहा सेकंद, त्यात आठव्यावर गेला. पोल असताना आमच्या मॅक्लारेनचे सहा आणि आठ. घरात कोणी बोलत नव्हतं माझ्याशी, म्हणजे मीच बोलत नव्हतो.

तरी कन्स्ट्रक्टर्समध्ये ५९३ ने पहिलेच आहोत. फेरारी ५५७, रेड बुल ५४४. व्हर्स्टापेन जिंकूनही तिसरेच, कारण पेरेझ अकरावा. ते घ्या.


बॉक्सबॉक्स
४ नोव्हेंबर, दुपारी २:१९

ते मात्र शंभर टक्के. एका गाडीवर घर चालवतायत.


पिटलेनकर
४ नोव्हेंबर, संध्या. ६:४०

ऑफिस सुटलं. आता माझ्या धाग्यावर माझंच म्हणणं मांडायला मला जागा द्या.

ओकॉन आणि गॅसली दोघं नॉर्मंडीचे, लहानपणी एकत्र कार्टिंग करायचे, मित्र होते, मग स्पर्धा वाढली आणि बोलणं तुटलं. २०२३ ला दोघं एकाच टीममध्ये. या वर्षी मोनॅकोला पहिल्याच लॅपला ओकॉनने अशा ठिकाणी गाडी घातली की गॅसलीच्या चाकावरून याची गाडी हवेत उडाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत टीमने जाहीर केलं की ओकॉन वर्षअखेर जाणार. म्हणजे काल दुसरा आलेला माणूस या टीमने नारळ दिलेला माणूस आहे! आणि पुढच्या वर्षी तो जातोय कुठे? हासमध्ये. ज्या हासला काल त्याने स्वतः सातव्यावर ढकललं. त्याचे १८ नसते तर अल्पाईन ३१ वर राहिली असती आणि सहावं कोण राहिलं असतं? हास. नव्या मालकांचे पैसे याने काल स्वतःच्या हाताने जुन्या मालकांना काढून दिले, जॉइन व्हायच्या आधीच. हे मला कोणत्याही ओव्हरटेकपेक्षा भारी वाटतं.

आणि त्या टीममध्ये वातावरण काय आहे बघा. सप्टेंबरअखेर अल्पाईनच्या मालक रेनॉने सांगून टाकलं की २०२६ पासून एफ१ चं इंजिन बनवणार नाही. त्यांच्या विरीच्या इंजिन कारखान्यातले लोक मोन्झाला स्टँडमध्ये येऊन निषेध करून गेले होते. कालच्या दोन्ही गाड्यांत इंजिन त्यांचंच. पावसात इंजिनाची ताकद कमी पडली तरी झाकली जाते, ड्रायव्हरचा पाय महत्त्वाचा, म्हणून त्या कमकुवत इंजिनाचं काल काही बिघडलं नाही. कोरड्यात या दोन गाड्या पोडियमवर? नाव काढू नका.

गॅसलीचं या ट्रॅकशी तसंही जमतं. २०१९ ला टोरो रोस्सोतून दुसरा आला होता, शेवटच्या चढावर हॅमिल्टनच्या मर्सिडीजशी रेषेपर्यंत शर्यत लावून. तो क्षण ज्यांनी लाइव्ह बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको.


कोल्हापुरी_ड्रिफ्ट
४ नोव्हेंबर, संध्या. ७:०५

हासवाली पॉइंट कडक आहे पिटलेनकर. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवायला बसल्यावर काय बोलतील त्याला 😂


जुनाजाणता_ठाणे
४ नोव्हेंबर, रात्री ८:१२

हासचं दुर्दैव पूर्ण सांगा. मॅग्नुसन आजारी म्हणून बेअरमन आयत्या वेळी बसला, तो बारावा. ह्युल्केनबर्ग काळ्या झेंड्याने बाद. म्हणजे शून्य. आणि ज्या ह्युल्केनबर्गच्या फिरण्याने ती व्हर्च्युअल सेफ्टी कार आली त्याच सेफ्टी कारला अल्पाईनवाले बाहेर राहून पुढे गेले. स्वतःच्या गाडीने स्वतःचा सहावा नंबर घालवला, असं लेखी प्रमाणपत्र द्यायला हरकत नाही.


आनंदी_आनंद
४ नोव्हेंबर, रात्री ८:३०

एफ१ म्हणजे श्रीमंतांची पोरं गोल गोल फिरणार, प्रदूषण करणार. इतकी चर्चा कशाला हे कळत नाही. आपल्या देशाचा काय संबंध?


ओली_लाइन
४ नोव्हेंबर, रात्री ८:३८

गोल गोल नाही हो, उलट गोल. इंटरलागोस घड्याळाच्या उलट दिशेने आहे, मान उजवीकडे खेचली जाते म्हणून ड्रायव्हर वैतागतात.

संबंध म्हणाल तर बंगळुरूचा कुश मैनी याच अल्पाईनच्या अकादमीत आहे आणि एफ२ चालवतो. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला एफ२ मध्ये रेसा जिंकून फॉर्म्युला ई पर्यंत गेला. आणि नोएडाला २०११ ते २०१३ तीन वर्षं रेस होत होती, तिन्ही वेळा फेटेल जिंकला.


संपादक_मंडळ
४ नोव्हेंबर, रात्री ९:००

चर्चा छान चालली आहे. कृपया विषयाला धरून. प्रदूषणावर वेगळा धागा आहे, तिथे जागा भरपूर आहे.


नवखी_नागपूर
४ नोव्हेंबर, रात्री ९:१७

मग आता चॅम्पियनशिप संपली का? की अजून काही होऊ शकतं? कोणीतरी साध्या भाषेत सांगा प्लीज.


बॉक्सबॉक्स
४ नोव्हेंबर, रात्री ९:५१

घे. व्हर्स्टापेन ३९३, नॉरिस ३३१, फरक ६२. लेक्लेर ३०७, म्हणजे त्याच्यासाठी सोडून दे.

उरल्या तीन, लास व्हेगास, कतार, अबू धाबी. रेसला जास्तीत जास्त २६, म्हणजे जिंकले २५ आणि वेगवान लॅपचा १. कतारला स्प्रिंट आहे, तिचे ८. एकूण ८६ शिल्लक. कागदावर नॉरिस जिवंत आहे.

पण व्हेगास झाल्यावर उरतात फक्त ६०. म्हणजे व्हेगासला नॉरिसने व्हर्स्टापेनपेक्षा किमान ३ पॉइंट जास्त काढायला हवेत, नाहीतर तिथेच खेळ खल्लास. दोन काढले आणि फरक बरोबर ६० राहिला, पुढचं सगळं नॉरिसने जिंकलं, बरोबरी झाली, तरी विजय मोजतात. व्हर्स्टापेनचे कालचा धरून ८ आणि नॉरिसचे ३. राहिलेल्या तिन्ही जिंकला तरी ६. म्हणजे बरोबरीतही गेला.

साध्या भाषेत सांगायचं तर व्हेगासला व्हर्स्टापेन नॉरिसच्या पुढे आला की चौथं टायटल.


पपाया_पंखा
४ नोव्हेंबर, रात्री १०:०४

गणित येतं आम्हाला, धन्स. शाई जरा कमी वापरली असतीत तरी चाललं असतं.

व्हेगासला थंडी असते, सरळ रस्ते लांब, टायर गरम होत नाहीत, आमच्या गाडीला ते सोसत नाही हे मी आधीच सांगून ठेवतो. तिथे मर्सिडीज भारी पडेल. मॅक्सचीही गाडी तिथे काही फार चालेल असं नाही, पण त्याला चालायची गरजच नाही ना आता, नॉरिसच्या पुढे बसला की झालं.


मावळा_४४
४ नोव्हेंबर, रात्री १०:११

मर्सिडीज भारी पडेल म्हणालात, तुमच्या तोंडात साखर पडो. आपल्याकडे किती वाजता आहे?


पिटलेनकर
४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

रविवार २४ तारीख, सकाळी साडेअकरा. तिकडे शनिवारी रात्री दहा. या वर्षीची सर्वात सोयीची वेळ, आंघोळ, नाश्ता, मग रेस. निकालाचा धागा यावेळी मी काढणार नाही, पपायाराव तुम्ही काढा.


पपाया_पंखा
४ नोव्हेंबर, रात्री १०:२६

काढतो. पण जे काय होईल ते होवो, शीर्षकात लाल झेंडा लिहिणारच.